पाच झाडांच्या भरवशावर

एसी घ्यायचा नाही, हे आमच्या घरातलं माझं धोरण होतं. धोरण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात माझी सारी नोकरी दुसऱ्यांची धोरणं फाइलीत लावण्यात गेली, त्यामुळे स्वतःचं म्हणून एखादं असावं अशी मला हौस होती. रायपूरचा मे महिना असा की दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. आमच्या गल्लीत एकेक करत सगळ्यांकडे एसी लागले. आमच्याकडे मात्र खिडकीला टेकवलेला पत्र्याचा कूलर. त्याचा आवाज इतका, की टीव्हीवर बातम्या ऐकायच्या तर तो बंद करावा लागे, आणि तो बंद केला की बातम्या ऐकण्याइतकी शुद्ध राहत नसे.

"एसी म्हणजे आपल्या घरातली गरमी उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणं," असं मी सांगत असे. हे वाक्य मला फार आवडायचं. ऑफिसच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात रांगेत बसलेलो असताना, संधी मिळाली की मी ते टाकायचो. ऐकणारे मान हलवायचे आणि घरी जाऊन एसी लावायचे.

माझी बायको अमरावतीकडची. तिला हे वाक्य पाठ झालं होतं, आणि त्याच्यामागचं कारणही.

"तुमचं पर्यावरण विजेच्या मीटरपाशी सुरू होते अन् तिथंच संपते," ती म्हणायची.

हे खरं होतं. मला बिलाची भीती वाटायची. पण बिलाच्या भीतीला कोणी मान हलवत नाही, म्हणून मी पृथ्वीला मध्ये घेतलं होतं.

एका एप्रिलमध्ये आम्ही मिक्सर घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि आत शिरताच अंगावर अशी थंड हवा आली की दोघंही दारातच उभे राहिलो. समोर एक मोठं चित्र लावलेलं होतं. एक लहान मुलगी झाडाला मिठी मारून उभी, आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं की या कंपनीचा एक एसी घ्या, आम्ही तुमच्या नावानं पाच झाडं लावू.

मी चित्रापाशी रेंगाळलो. विकणारा तरुण लगेच जवळ आला.

"सर, इसको एसी मत समझिए. इसको पेड़ समझिए."

"कौन से पेड़ लगाते हैं?" मी विचारलं. प्रश्न अभ्यासू होता. मला वाटलं, दुकानात असा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला असेल.

तो थोडा अडखळला. "हरे वाले, सर."

तेवढ्यावर माझं समाधान झालं. आज आठवलं की आश्चर्य वाटतं, पण झालं. इतकी वर्षं जी गोष्ट मला दुसऱ्याच्या दारात टाकलेली गरमी वाटत होती, ती पाच मिनिटांत वनमहोत्सव वाटायला लागली. मी त्याला टनाबद्दल विचारायला लागलो, हप्त्यांबद्दल विचारायला लागलो. बायको मिक्सरच्या रांगेतून आली, तेव्हा मी सही करत होतो.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"झाडं लावून राहिलो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं एसीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या धोरणाविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. तिला थंड हवा मिळत होती. ती कोणत्या कारणानं मिळते याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

पंधरवड्यानं घरी जाड कागदाचं प्रमाणपत्र आलं. वर हिरवं पान, मध्ये माझं नाव, खाली कुणाची तरी वळणदार सही. मी ते चौकटीत बसवून घेतलं आणि बैठकीत अशा जागी लावलं की पाहुणा सोफ्यावर बसला की त्याची नजर तिथंच जावी. नाही गेली, तर मी खोकायचो.

एसी लागल्यावर सुरुवातीला आम्ही सव्वीसवर ठेवत होतो. मग चोवीस. मग एके दिवशी ऑफिसमधून तापून आलो आणि रिमोटवर अंगठा दाबत अठरावर नेला. बायको चहा घेऊन आली, तर मी पलंगावर रजई पांघरून बसलेलो.

"बाहेर लू चालून राहिली अन् तुम्ही रजई घेऊन बसले? मग कमी काहून नाई करत त्याले?"

"अवं, आपली पाच झाडं हायेत ना."

हे मी गमतीनं म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यात तसा हिशेबच बसला होता. कुठं तरी पाच झाडं माझ्या वतीनं उन्हात उभी राहून काम करत होती, त्यांच्या कमाईवर मी थोडी चैन केली तर बिघडलं काय? कूलरच्या दिवसांत मी खोलीबाहेर पडताना पंखा बंद करायचो, दिवा बंद करायचो, पोरीच्या खोलीतला दिवासुद्धा जाऊन बंद करून यायचो. आता एसी चालू ठेवून भाजी आणायला जायला लागलो. बिल आलं तेव्हा आकडा दोनदा वाचला, पण मग मी चौकटीकडे पाहिलं आणि बिल घडी घालून खणात टाकलं. ज्या भीतीनं मला इतकी वर्षं सुधारून ठेवलं होतं, ती एका जाड कागदानं पळवून लावली.

एसीनंतर मला पानाचं वेडच लागलं. दुकानात गेलो की ज्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं असेल, तिकडे हात जायचा. दंतमंजन पानवालं, भांड्याचा साबण पानवाला, बिस्किटाच्या पुड्यावर "या पुड्यातून एका मुलीचं शिक्षण" असं लिहिलेलं असलं की दोन पुडे. मला मधुमेहाची सुरुवात आहे, डॉक्टरांनी बिस्किटं बंद सांगितली आहेत, पण मुलीचं शिक्षण थांबवायचं कसं? बांबूचे ब्रश आणले. त्यांना पावसाळ्यात बुरशी आली. बायकोनं ते खिडकीच्या खाचेतली धूळ काढायला ठेवले आणि मी ते माझं पर्यावरणपूरक पुनर्वापराचं काम म्हणून पाहुण्यांना दाखवलं.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. तिचं काम माझ्या उलट. मी कोणती कंपनी चांगली ते शोधून आणायचो, ती कोणती कंपनी वाईट ते मोबाइलवर पाहून आणायची. त्यामुळे न्हाणीघरात एका वेळी तीन साबण दिसायला लागले. एक मी आणलेला, एक तिनं आणलेला, आणि एक बायकोचा, जो तिचे वडील अमरावतीत वापरायचे तोच.

"पापा, आपके साबुन वाली कंपनी नदी गंदी करती है," एकदा जेवताना तिनं जाहीर केलं.

"पन त्याच्यावर पान हाय ना."

"पान तो कोई भी छाप देता है."

"मग तुया साबणावर काय हाय?"

"खरगोश." तिनं अभिमानानं सांगितलं. तिच्या साबणाच्या वेष्टनावर ससा होता. साबण कोणत्याही प्राण्यावर तपासून पाहिलेला नाही असा त्याचा अर्थ होता म्हणे.

बायको भात वाढत होती. "पान घ्या का ससा घ्या," ती म्हणाली, "पन घरात एकच साबण आना. मले न्हाणी धुता येऊन नाई राहिली."

पावसाळा आला. पाऊस थांबला की रायपूरमध्ये अशी चिकट गरमी होते की कूलर काही कामाचा राहत नाही, त्यामुळे एसी चालूच. त्याची बाहेरची पेटी आम्ही मागच्या भिंतीवर लावली होती. तिचं तोंड नेमकं शेजारच्या काकींच्या ओसरीकडे. एका संध्याकाळी मी मागच्या दारी गेलो तर ती गरम हवा सरळ काकींच्या दारात जात होती. दुसऱ्याच्या दारात टाकलेली गरमी! माझं स्वतःचं वाक्य मला आठवलं आणि चेहरा उतरला. काकी छत्तीसगढी, वयानं माझ्याहून मोठ्या, कधी कुणाबद्दल तक्रार न करणाऱ्या. मी आत जाऊन एसी बंद केला, मनाशी माफीची भाषा जुळवली आणि कुंपणापाशी गेलो. काकी ओसरीतच होत्या. मी तोंड उघडणार, त्याआधी त्याच बोलल्या.

"भैया, आज मशीन बंद कर देव का? थोकिन अउ चलन दे न. चद्दर नइ सुखाय हे."

पाहिलं तर पेटीसमोर त्यांनी दोरी बांधली होती आणि तिच्यावर चादरी, टॉवेल, नातवंडांचे शाळेचे कपडे ओळीनं वाळत होते. पावसाळ्यात कपडे वाळवायची एवढी चांगली सोय त्यांना कधी मिळाली नव्हती. अजून थोडा वेळ चालू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी आत जाऊन एसी पुन्हा लावला. त्या पावसाळ्यात आम्ही घरात नसतानाही कधी कधी एसी चालायचा, कारण काकींची चादर ओली असायची. त्यालाही मी समाजसेवा म्हणत होतो.

जुलैत कंपनीचा फोन आला. ज्यांच्या नावानं झाडं लावायची होती त्यांतल्या काही ग्राहकांना एका रविवारी वृक्षारोपणाला बोलावलं होतं. मी बायकोला घेऊन गेलो. बस आम्हाला सिलतऱ्याच्या कारखान्यांमधून पुढे घेऊन गेली. माझं लहानपण गुढियारीत, रेल्वेच्या मालधक्क्याच्या बाजूला गेलं, वडील रेल्वेत होते. सिलतऱ्याची काजळी वाऱ्यावर आमच्या घराच्या गच्चीपर्यंत यायची आणि आई पापड वाळत घालताना वर जुनं पातळ आच्छादायची. त्या दिवशी बसच्या काचेतून ती धुरांडी पाहताना मला वाटलं, चला, आपण आता भरपाई करायला निघालो आहोत. धुरांडी माझी नव्हती, झाडंही माझी नव्हती, पण भरपाई माझी होती.

मोकळ्या माळावर खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. प्रत्येकाला हिरवी टोपी आणि हिरवा टी-शर्ट मिळाला. टी-शर्ट माझ्या पोटावर येऊन थांबला. मी करंजाचं रोपटं हातात घेतलं, इतक्यात एक चुणचुणीत मुलगी माइक घेऊन आली, मागं कॅमेरा.

"सर, आपने हमारी कंपनी ही क्यों चुनी?"

मी रोपटं बायकोच्या हातात दिलं आणि बोलायला लागलो. किती वेळ बोललो ते मला माहीत नाही. आधी मला एसीची लाज वाटायची, या कंपनीनं माझी लाज घालवली, आता मी अभिमानानं थंड हवा घेतो, प्रत्येक ग्राहकानं अशी जबाबदार निवड केली तर छत्तीसगढ हिरवागार होईल. शेवटी तर माझा गळाच भरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागे वळलो तर बायकोनं रोपटं खड्ड्यात लावून, माती लोटून, पायानं दाबूनसुद्धा टाकलं होतं. साडीचा काठ चिखलानं भरला होता.

"झालं का भाषण?" तिनं विचारलं. "मग हात धुवाले पानी आना."

हिवाळ्यात माझं ते भाषण दुकानातल्या पडद्यावर लागलं. मोबाइलवरही फिरलं. नागपूरच्या मावसभावानं फोन केला, "अरे, तू तर हिरो झाला बे!" ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक सहकारी, जे आजवर माझं पर्यावरणावरचं बोलणं ऐकताना डबा उघडायचे, ते माझ्याकडे सल्ला मागायला आले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच कंपनीचा एसी घेतला. अजून काहींनी घेतला. "सरजी ने बोला है," असं म्हणून घेतला. मला कंपनीकडून एक कवडी मिळाली नव्हती, आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगायचो. फुकटात वापरला गेलो, हीच माझ्या प्रामाणिकपणाची खूण होती.

मग एका सकाळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्या तरी गावचा व्हिडिओ होता. माळावर वाळलेल्या काड्यांच्या रांगा, आणि बोलणारा सांगत होता की कंपन्या झाडं लावतात ती अशी.

"मेरा तो सर्टिफिकेट भी नहीं आया अब तक," ते म्हणाले. "आपके भरोसे लिया था, सरजी. आपने तो हमको टोपी पहना दी."

आजूबाजूचे हसले. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो व्हिडिओ कुठला, कधीचा, कोणत्या कंपनीचा, यातलं काहीही मी विचारलं नाही. जसा चित्रातल्या मुलीवर विश्वास ठेवला होता, तसाच या काड्यांवरही ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी कंपनीचा शत्रू झालो होतो. "सगळा दिखावा असतो. ग्राहकाच्या भावनेशी खेळ," असं मी त्याच माणसांना, त्याच भरल्या गळ्यानं सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन चौकट उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागं ठेवली.

"रविवारी तिकडे जातो," मी बायकोला म्हणालो. "फोटो काढतो. साऱ्यायले दाखवतो कंपनी काय चीज हाय ते."

"मी बी येतो. मले पाहाचं हाय माह्या करंजाचं काय झालं." ते झाड तिचं होतं, हे तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

मे महिना होता. गाडीतला एसी पुरेपूर लावून आम्ही सिलतऱ्याच्या पुढं गेलो. मी वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. ती फार चांगली जुळत होती.

माळावर पोचलो आणि मी गाडीतच बसून राहिलो. झाडं होती. ओळीनं होती. छातीइतकी उंच, भर उन्हात हिरवी. प्रत्येक झाडाच्या बुडाशी आळं केलेलं, त्यात पाण्याची ओल. एका बाजूला टँकर उभा होता आणि एक माणूस नळी ओढत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत चालला होता. त्यानं आम्हाला पाहून हात वर केला आणि आपलं काम चालू ठेवलं. पानांवर कारखान्यांची काळी पूड बसली होती, पण तिच्या खाली पान जिवंत होतं.

मी उतरलो आणि शोधायला लागलो. एखादी तरी ओळ मेलेली असेलच. उन्हात दोन्ही टोकं फिरलो, शर्ट पाठीला चिकटला. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात तीन-चार वाळलेली रोपटी सापडली.

"सापडली!" मी ओरडलो आणि मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलो. जवळून एक, लांबून एक, तिरका एक.

बायको मागून येऊन उभी राहिली होती. "वाळलेलं झाड पाहून एवढा आनंद झालेला मानूस मी आजच पाहिला," ती म्हणाली.

मी मोबाइल खाली घेतला.

ती मला हाताला धरून एका मोठ्या दगडापाशी घेऊन गेली. तिथं तिचा करंज होता. तिला जागा लक्षात होती, मला नव्हती. मी तेव्हा कॅमेऱ्याकडे पाहत होतो. तिनं पदराच्या टोकानं दोन-तीन पानांवरची काजळी पुसली, आणि पानं इतकी चकचकीत निघाली की तिनं आणखी दोन पुसली. टँकरवाला नळी घेऊन जवळ आला. मी त्याला विचारलं, कुणी पाहायला येतं का इथं? तो म्हणाला, पावसाळ्यात बस भरून येतात, फोटो काढतात. उन्हाळ्यात तुम्हीच पहिले.

निघताना मी हिरव्या ओळींचेही दोन-तीन फोटो काढले. गाडीत गार झालं तसं बायकोनं विचारलं, "मग आता कोनावर चिडाचं?"

कंपनीनं जे सांगितलं ते केलं होतं. निदान या माळावर तरी केलं होतं. झाडं आपल्या जागी वाढत होती. त्यांचं नाव सांगून रजई घेतली होती ती मी, आणि काकींची चादर वाळवली होती तीही मीच. कंपनी लबाड निघाली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या रस्त्यावर अगदी मनापासून वाटलं. मग मी सुटलो असतो.

घरी येऊन मी सांगून टाकलं की आजपासून एसी सव्वीसवर, सोबत पंखा, आणि खोलीत कोणी नसेल तर बंद. मुलगी म्हणाली, "ये तो मम्मी कब से बोल रही है." ऑफिसात जाऊन त्या सहकाऱ्यांना हिरव्या झाडांचे फोटो दाखवले. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते नाराज झाले. त्यांना प्रमाणपत्र न मिळाल्याबद्दल भांडायचं होतं आणि मी भांडणाचा दम काढून घेतला होता. काकींना मात्र सांगायची हिंमत झाली नाही. पावसाळा आला तेव्हा त्यांना आपोआपच कळलं. "मशीन बिगड़ गे हे का, भैया?" त्यांनी काळजीनं विचारलं.

त्याच सुमारास कंपनीच्या त्या माइकवाल्या मुलीचा फोन आला. माझं भाषण लोकांना फार आवडलं होतं, एक वर्षानंतरचा अनुभव म्हणून अजून एक हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, आपली संधी आली. या वेळी खरं बोलायचं.

त्यांची माणसं घरी आली. सोफ्याच्या मागं हिरवं कापड लावलं. मी कॅमेऱ्यात बघून, शांतपणे, एकही शब्द न सजवता सांगितलं: तुम्ही झाडं लावलीत, मी जाऊन पाहिली, ती चांगली आहेत. पण तुमच्या झाडांच्या भरवशावर मी बिनधास्त एसी चालवत होतो, अठरावर, रिकाम्या खोलीत. आधी मी बिलाला घाबरून वीज वाचवायचो. तुमच्या पाच झाडांनी माझी ती भीती घालवली. ग्राहकांना झाडं दाखवताना हेही सांगा.

माइकवाली मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. "सर, बहुत ऑनेस्ट था," ती म्हणाली. "एकदम दिल से."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती लोकं गेल्यावर तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "आज बरं बोलले." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्याही भाषणाला मिळालेली ही पहिली पावती. मी दोन दिवस त्या आनंदात होतो.

आठवड्याभरानं आमची मुलगी मोबाइल घेऊन खोलीत आली. तिला हसू आवरत नव्हतं. "पापा, देखो, देखो ना."

पडद्यावर मी होतो. मागं हिरव्या कापडाच्या जागी आता घनदाट जंगल, त्यात पक्षी. मी आधी म्हणालो, "आपने पेड़ लगाए, मैंने जाकर देखे." मग एक झटका, आणि मी पुढं म्हणालो, "आपके पेड़ों के भरोसे मैं बिंदास एसी चलाता..." तिथं वाक्य तोडलं होतं आणि संगीत वाढलं होतं. शेवटी पुन्हा माझा चेहरा, "आपके पाँच पेड़ों ने मेरा डर निकाल दिया." खाली हिरवं पान, कंपनीचं नाव.

एकही शब्द खोटा नव्हता. सगळे माझेच होते.

मी कंपनीच्या मुलीला फोन लावला. चांगला रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, रिस्पॉन्स बहुत बढ़िया है. पिछले वाले से भी अच्छा." मी म्हटलं, ते काढून टाका. ती म्हणाली, वर विचारून सांगते. वरच्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.

बायकोनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना तीही हसायला लागली, मग मुलगी, आणि शेवटी मलाही हसण्यावाचून पर्याय राहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी भाजीबाजारात कारली निवडत होतो. माझ्या वयाचा एक माणूस शेजारी येऊन थबकला. त्याच्या शर्टावर घामाचे पांढरे डाग होते.

"अरे, आप वही हैं ना? पेड़ वाले?" त्याचा चेहरा उजळला. त्यानं बायकोला हाक मारली. "देखो, यही हैं!" मग मला सांगायला लागला की तो आजवर एसीच्या विरोधात होता, फार वाईट वाटायचं, पण माझं बोलणं ऐकलं आणि मनातली टोचणी निघून गेली. उद्याच घ्यायला जाणार आहेत. त्याची बायको त्याच्या मागं उभी राहून माझ्याकडे अशी पाहत होती जशी माणसं उपकारकर्त्याकडे पाहतात.

मी त्याला सगळं सांगणार होतो. अठरा, रजई, रिकामी खोली, सगळं. तोंड उघडलंही. पण बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या माणसाच्या डोळ्यांत इतकी सुटका दिसत होती.

"कितने टन का लूँ, सरजी?" त्यानं विचारलं.

मी कारली पिशवीत टाकली. खोली किती मोठी आहे ते विचारलं, छत तापतं का ते विचारलं, आणि म्हणालो, "डेढ़ टन ले लीजिए. और छब्बीस पे चलाइएगा."

"क्यों?" तो म्हणाला. "पेड़ तो लग रहे हैं ना?"